फॉर्म्युल्यात तांबं शून्य, रिपोर्टमध्ये पाऊण टक्का

बेळगावच्या उद्यमबागेतल्या त्या शेडमध्ये पाऊल टाकलं की आधी नाकाला लागतो रेझिनचा वास, मग कानाला ग्राइंडर. गाड्यांचे ब्रेक पॅड बनवणारा लहानसा कारखाना. पाटी कन्नडमध्ये, आतलं बोलणं मराठीत, फाइलीतले कागद इंग्रजीत. मालकांना सगळे अण्णा म्हणतात आणि मिक्सरवरच्या जुन्या माणसाला मामा. मी तिथला नव्हे. लहान कारखान्यांच्या चाचण्या आणि प्रमाणपत्रांची कागदपत्रं करून देणं हे माझं काम, आणि हे प्रकरण त्याच कामातलं.

2023 च्या दिवाळीनंतर पुण्याच्या एका निर्यातदाराकडून अण्णांना विचारणा आली. अमेरिकेत सुट्या भागांच्या दुकानांत विकायचे कारचे पॅड. भाव बरा होता. अट एकच: पॅडच्या कडेवर ‘एन’ अक्षर हवं, आणि ते छापण्याआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा रिपोर्ट. ‘एन’ म्हणजे पॅडच्या मालात तांबं वजनाने अर्ध्या टक्क्याच्या आत.

अण्णांच्या नेहमीच्या कार पॅडला शंभर किलोच्या बॅचमध्ये बारा किलो तांबं पडायचं, तंतू आणि पूड मिळून. ते काढलं. नवा फॉर्म्युला लिहिला, त्यात तांब्याची ओळच नव्हती. नमुने गेले, तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. तांबं पाऊण टक्क्याच्या वर.

मामांनी कागद हातात घेतला, उलटा करून मागची कोरी बाजू बघितली आणि म्हणाले, “मी तांब्याचं पोतं उघडलंच नाही वो. मग हे आलं कुठनं?”

तांबं तिथे करतं काय

ब्रेक पॅडमध्ये तांबं असतं हेच पुष्कळांना नवीन असतं. गॅरेजमध्ये पॅड बदलताना मिस्त्री जुना पॅड दाखवतो, तेव्हा काळ्या-करड्या मालात लालसर ठिपके चमकतात, ते तांबं किंवा पितळ. पायडल दाबलं की पॅड डिस्कला घासतात आणि गाडीच्या चालीची उष्णता होते. ती एका जागी साठली तर आतलं रेझिन, म्हणजे सगळा माल धरून ठेवणारा चिकट पदार्थ, जळायला लागतं, वास सुटतो आणि पकड ढिली पडते. तांबं ती उष्णता झटकन पसरवतं, लोखंडाच्या सुमारे पाचपट वेगाने. शिवाय ते मऊ. डिस्कवर त्याचा पातळ थर बसतो, त्यामुळे ब्रेक गार असो की तापलेला, पायाला सारखाच लागतो. अॅस्बेस्टॉसवर गदा आल्यावर पॅडवाल्यांना दुसरं काहीतरी हवंच होतं. त्या रिकाम्या जागेत जे अनेक पदार्थ शिरले त्यांत तांबं होतं.

पण पॅड झिजतो म्हणजे त्याची धूळ होते. काही चाकाच्या रिमवर काळी बसते, काही हवेत जाते, बाकीची रस्त्यावर पडते आणि पहिल्या वळवाच्या पावसात गटारात.

तांब्याबद्दल आपलं मत फार चांगलं आहे. पूजेला ताम्हण, पाणी प्यायला तांब्या, बटाट्याच्या करप्याला मोरचुदाचा फवारा. अण्णांच्या आईंना मी सांगितलं की अमेरिकेत ब्रेक पॅडमधल्या तांब्यावर बंदी घातली आहे, तर त्या हसल्याच. त्यांचं तसं चुकलं नाही. माणसाला तांबं लागतंच. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, लिटरमागे 0.05 मिलिग्रॅम तांबं स्वीकारार्ह मानतं, आणि दुसरा पाण्याचा स्रोत नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतं. 1.5 मिलिग्रॅम म्हणजे 1500 मायक्रोग्रॅम. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या सामन माशाचं नाक मात्र लिटरमागे दोन-पाच मायक्रोग्रॅम जादा तांब्यानेच बधिर व्हायला लागतं, असं अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेच्या संशोधकांनी दाखवलं. सामन समुद्रातून परत येतो तो जन्माची नदी वासाने ओळखून. एखादा मासा जखमी झाला की त्याच्या कातडीतून सुटणाऱ्या द्रव्याच्या वासाने बाकीची पिल्लं जागीच स्तब्ध होतात आणि शिकाऱ्याच्या नजरेतून सुटतात. नाक गेलं की ती बिनघोर पोहत राहतात आणि खाल्ली जातात. (आपल्या मासळी बाजारात रावसाला कुणी ‘इंडियन सामन’ म्हणतं. तो मासा वेगळा.)

अण्णांच्या जुन्या पॅडचाच हिशेब मांडू. समजा एका कारच्या पुढच्या चार पॅडचा मिळून 400 ग्रॅम माल झिजला. बारा टक्क्यांनी 48 ग्रॅम तांबं, मूठभरसुद्धा नाही. ते सगळं विरघळलं असं धरलं तर 96 लाख लिटर पाण्यात लिटरमागे 5 मायक्रोग्रॅमची भर पडते. अर्थात सगळं विरघळत नाही. बरंचसं गाळात बसतं, आणि पाणी जड असलं किंवा त्यात सेंद्रिय घाण असली तर तांब्याचं विषारीपण उतरतं. पण गाड्या एक नाहीत, लाखांनी आहेत.

तिकडे कायदा कुणाला हवा होता

इथे माशांपेक्षा महापालिका महत्त्वाची. अमेरिकेच्या स्वच्छ पाण्याच्या कायद्याखाली शहरातून वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्यातल्या तांब्याचा जाब शहराला द्यावा लागतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतालच्या शहरांपुढे प्रश्न आला: प्रत्येक गटाराच्या तोंडाशी तांबं गाळत बसायचं, की ते जिथून येतं तिथेच थांबवायचं? गाळण्याचा खर्च डोळे पांढरे करणारा. म्हणून 1996 मध्ये ‘ब्रेक पॅड पार्टनरशिप’ नावाने पॅड बनवणारे, शहरांची पावसाळी पाण्याची खाती, शासनाचे लोक आणि पर्यावरणवाले एका टेबलाशी बसले. बारा-चौदा वर्षं मोजमाप आणि वादावादी झाली. त्यातून दिसलं की शहरी पाण्यातल्या तांब्याचा मोठा वाटा खरोखरच ब्रेकचा आहे.

2010 मध्ये आधी वॉशिंग्टन राज्याने आणि मग कॅलिफोर्नियाने कायदा केला. कॅलिफोर्नियाच्या कायद्यावर तेव्हाचे गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांची सही आहे. 2014 पासून शिसं, पारा, कॅडमियम, अॅस्बेस्टॉस यांच्यावर मर्यादा. 2021 पासून तांबं 5 टक्क्यांच्या आत. 2025 पासून 0.5 टक्क्यांच्या आत. पॅडच्या कडेवर, मालात तांबं किती त्यानुसार, ए, बी किंवा एन हे अक्षर आणि पुढे बनावटीच्या वर्षाचे दोन आकडे. खोक्यावर एक, दोन किंवा तीन पानांचं चिन्ह. 2015 मध्ये तिथलं केंद्रीय पर्यावरण खातं, राज्यं आणि उद्योग यांच्यात करार होऊन हेच टप्पे देशभर पाळायचं ठरलं. दोन राज्यांपुरता वेगळा माल बनवणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

या कायद्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे तो गाडीवाल्याच्या मागे लागत नाही. आपल्या पीयूसीसारखी रस्त्याकडेच्या टपरीत तपासणी नाही. त्याची पकड पॅड बनवणाऱ्यावर, आणि तीही पंधरा वर्षं आधी सांगून. न आवडलेली गोष्ट, निदान इथे बसून वाचताना, ही की मोटारसायकली त्यातून वगळल्या आहेत. तिकडे त्या हौसेच्या. बेळगावात खडेबाजारात तासभर उभं राहा, मग कळेल इकडे त्या काय आहेत. त्यांच्या काही पॅडमध्ये, ज्यांना सिंटर्ड म्हणतात, मुख्य धातूच तांबं असतं.

आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. वॉशिंग्टन राज्यात पावसानंतर कोहो जातीचे सामन ओढ्यांत मरून पडायचे. संशय बरीच वर्षं रस्त्यावरच्या सगळ्याच घाणीवर होता, तांब्यासकट. 2020 मध्ये खरा गुन्हेगार सापडला तो टायरच्या रबरातला. रबर टिकावं म्हणून घातलेल्या रसायनापासून हवेत तयार होणारं एक द्रव्य. तांब्याने माशाचं नाक जातं हे त्यामुळे खोटं ठरत नाही. पण पॅड स्वच्छ झाले म्हणजे रस्ता स्वच्छ झाला, असं समजणाऱ्यांनी हे वाचावं.

पोतं न उघडता आलेलं तांबं

आता मामांचा प्रश्न. मी पहिला संशय घेतला तो मिक्सरवर. सकाळी देशी मालाची बॅच, दुपारी निर्यातीचा नमुना, मध्ये नुसता झाडू. आम्ही मिक्सरची पाती उघडली. कोपऱ्यांत आणि पात्यांच्या मागे चिकटलेला माल खरवडून तागडीत टाकला, दीड किलो भरला. बारा टक्क्यांनी त्यात 180 ग्रॅम तांबं. शंभर किलोच्या बॅचला 0.18 टक्के. म्हणजे चोर सापडला, पण इतकासा नव्हे.

उरलेलं कुठे, ते दुसऱ्या दिवशी मामांनीच बोलता बोलता सांगितलं, आणि सांगताना त्यांना कळलंही नाही की ते सांगताहेत. “बाकी भुकटी नेहमीसारखी पाच किलो टाकली की.”

भुकटी म्हणजे ग्राइंडरची धूळ. पॅड साच्यातून निघाला, भट्टीत भाजला की त्याची पाठ-पोट घासून जाडी बरोबर करतात. ती धूळ पंख्याने ओढून पिशव्यांत जमते, आणि थोडी थोडी पुन्हा बॅचमध्ये घालतात. यात लबाडी काही नाही. भाजलेला माल असतो, भर म्हणून चालतो, वाया जात नाही. धंद्यात ही पद्धत जुनी आहे. फॉर्म्युल्याच्या कागदावर ती ‘फिलर’ या एका शब्दात मावली होती आणि मीही तो शब्द वाचून पुढे गेलो होतो. पाच किलो भुकटी, बारा टक्के तांबं, 600 ग्रॅम. एकट्या भुकटीनेच मर्यादा ओलांडली होती.

त्या दिवसापासून मिक्सरशेजारी खिळ्याला एक वही टांगली. प्रत्येक बॅचला काय, किती, कुठल्या पोत्यातून. मामांना लिहायचा कंटाळा, पण अक्षर सुरेख.

मध्यंतरी एका ओळखीच्या कच्चा माल पुरवणाऱ्याने अण्णांना सल्ला दिला होता की तांबं नको असेल तर पितळेचे तंतू घाला. पितळेत निम्म्याहून जास्त तांबंच असतं. प्रयोगशाळा पॅडचा भुगा आम्लात विरघळवून मूलद्रव्य मोजते. ते आत कुठल्या नावाने शिरलं याच्याशी तिला घेणं नाही.

एक मिक्सर की दोन

अर्ध्या टक्क्याची मर्यादा किती आवळलेली आहे ते इथे लक्षात आलं. पाच टक्क्यांची असती तर झाडून-पुसून भागलं असतं. अर्ध्या टक्क्याला एकाच छताखाली तांब्याचा आणि बिनतांब्याचा माल सुखाने नांदत नाही. मिक्सर वेगळा, भुकटीच्या पिशव्या वेगळ्या, फावडीसुद्धा वेगळी. अण्णांपुढे दोन वाटा होत्या: दुसरी पूर्ण लाइन उभी करायची, नाहीतर कारच्या सगळ्या पॅडमधून, देशी मालातूनही, तांबं काढायचं. देशी मालाला तसं बंधन कुठलंच नाही. आपल्याकडे पॅडमधल्या तांब्यावर असा कायदा नाही, आणि अण्णांच्या गिऱ्हाइकांपैकी कुणी ते कधी विचारलेलंही नाही.

अण्णांनी दुसरी वाट धरली. पर्यावरण हा शब्द त्या चर्चेत एकदाही निघाला नाही. मिक्सर धुण्यात जाणारा अर्धा दिवस निघाला. बळ्ळारी नाल्यात या कारखान्याच्या पॅडमुळे पडणारं तांबं कमी झालं असेल, तर ते नाल्याकडे बघून नव्हे, मिक्सरकडे बघून. मला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही, पण उद्या कुणी याला हरित उपक्रम म्हणून सत्कार करायला निघालं तर मी त्या कार्यक्रमाला जाणार नाही.

चोर्ल्याचा उतार

देशी बिनतांब्याचा पहिला माल पुण्याच्या डायनॅमोमीटरवर, म्हणजे ब्रेक तपासायच्या यंत्रावर, पास झाला. आकडे छान होते. मग अण्णांनी तो ओळखीच्या एका टॅक्सीवाल्याला दिला, बेळगाव-पणजी करणारा, रोजचा रस्ता पिरनवाडी, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला. चौथ्या दिवशी त्याचा केरीहून फोन. “वास येऊलालाय वो अण्णा. पायडल दाबलं तरी गाडी वढतीच हाय.” त्याला तिथेच थांबवलं, जुने पॅड घेऊन माणूस पाठवला.

घाटात होतं काय ते आकड्यात सांगतो. माणसं-सामानासकट दीड टनाची गाडी सहाशे मीटर खाली उतरली की सुमारे 88 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. तेवढ्यात सव्वीस लिटर गार पाणी उकळीला येईल. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरवली तर त्यातली बरीचशी इंजिन खातं. आमचा टॅक्सीवाला न्यूट्रलमध्ये उतरत होता, डिझेल वाचतं म्हणून. आणि तो एकटा नाही. घाटात निम्मे तसेच उतरतात. म्हणजे ती सगळी सव्वीस लिटरची उकळी पॅडवर आणि डिस्कवर. डायनॅमोमीटरच्या चाचणीत ब्रेक दाबतो-सोडतो-दाबतो, मध्ये थंड व्हायला वेळ मिळतो. पाय सतत ब्रेकवर ठेवून वीस मिनिटं उतरणाऱ्या माणसाची सवय त्या वेळापत्रकात नव्हती. जुन्या पॅडमधलं तांबं ही सवय इतकी वर्षं निमूट सोसत होतं.

दुसऱ्या फॉर्म्युल्यात पोलादी तंतू वाढवले. उष्णता आटोक्यात आली, पण पावसाळा तोंडावर होता, आणि कणकुंबीचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना पुढचं सांगायला नको. गाडी रात्रभर भिजत उभी राहिली की पॅड गंजून डिस्कला धरायचे, सकाळी पहिल्या धक्क्याला खट्ट, मग किलोमीटरभर किंचाळणं. डिस्कही लवकर झिजायला लागली. तिसऱ्या वेळी पोलाद कमी केलं, ग्राफाइट बदललं, पोटॅशियम टायटॅनेट नावाची उष्णता सोसणारी भर आणि धातूंचे सल्फाइड घातले. टायटॅनेट घेताना मी सुईसारख्या तंतूंचं नको, चपट्या कणांचं घ्या असा हट्ट धरला. अॅस्बेस्टॉसचा धडा असा की श्वासात जाणाऱ्या बारीक सुया कुठल्याही पदार्थाच्या असोत, मिक्सरवरच्या माणसाच्या फुप्फुसाला त्या आधी भेटतात. तांब्याचा जो खर्च वाचला होता तो या सगळ्याने खाल्ला.

2024 च्या गणपतीपर्यंत टॅक्सीवाल्याची तक्रार थांबली. निर्यातीचा नमुनाही अर्ध्या टक्क्याच्या खूप आत आला. दर खेपेला त्याच टॅक्सीवाल्याला मी सांगतो की उताराला गिअर टाक. तो हो म्हणतो.

छोट्या मालवाहू गाड्यांच्या पॅडमधलं तांबं मात्र गेलं नाही. निपाणीकडचे दोन जुने विक्रेते अडून बसले: तवंदी घाटात भरलेली गाडी आहे, प्रयोग आमच्यावर नकोत. त्यांचं ऐकावं लागलं, आणि खरं सांगायचं तर मीही अण्णांना आग्रह केला नाही. तो माल आता जुन्या मिक्सरवर, भिंतीपलीकडे, फक्त शनिवारी बनतो. कारच्या मालासाठी अण्णांनी सेकंडहँड मिक्सर घेतला.

भिंतीपलीकडे

राहिली जुनी भुकटी. कारच्या तांबंवाल्या मालाची, वर्षानुवर्षं पुरवून पुरवून वापरायची म्हणून साठवलेली, अकरा पोती. नव्या मालात एक चिमूटही चालत नाही. शनिवारच्या मालात थोडी जिरते. भंगारवाल्याला बोलावलं, तांबं आहे म्हटल्यावर तो लगबगीने आला, पोत्यात हात घालून काळी धूळ बोटांवर चोळली आणि चहा पिऊन गेला. अधिकृत विल्हेवाट केंद्राला द्यायची तर वजनावर पैसे भरावे लागतात, वर गाडीभाडं. अण्णा म्हणतात, देऊ की, पुढच्या महिन्यात.

शेडमागची भिंत संपते तिथे उघडं गटार आहे. पावसाळ्यात ते बळ्ळारी नाल्याला मिळतं, आणि नाला अनगोळ-वडगाव-शहापूरच्या भातशिवारातून जातो, दर एक-दोन वर्षांनी फुगून शेतात शिरतो. तिथल्या शेतकऱ्याला नाल्याच्या पाण्याबद्दल विचाराल तर तो मैल्याबद्दल बोलेल, कचऱ्याबद्दल, गाळ न काढल्याबद्दल. तांब्याचं नाव त्याच्या तोंडी येणार नाही, आणि पाण्यात तांबं असल्याचा जाब इथे कुठल्याच महापालिकेला विचारला जात नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवर ज्या जाबामुळे सगळं सुरू झालं, तो इथे कुणाच्या टेबलावर नाही.

पोती मी ताडपत्रीखाली, फळ्यांवर उचलून ठेवायला लावली आणि वहीत एक पान फक्त त्यांच्यासाठी आखलं. दर भेटीला मोजतो. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा नऊ होती. मामा म्हणाले, दोन शनिवारच्या बॅचला लागली. वहीत त्यांच्या सुरेख अक्षरात एकाचीच नोंद आहे.